चपट्या टोप्या

मोंटानात, आमच्या गावच्या डोळ्यांच्या दवाखान्यात, माझ्या मागच्या बाकावर एक म्हातारं जोडपं बसलं होतं.

"वर्लिन, कालच्या काडतुसांबद्दल बोलायचंय."

"बोलायचं काय, ओपल? घरी भरलेली असूनही निशाण्यावरची शेवटची तीन भोकं एका नाण्याखाली झाकली गेली असती."

"आणि रायफलचा बोल्ट उघडायला तळहाताने ठोकावं लागलं, ते?"

"थंडीनं आखडला असेल."

"आधीच्या सहा गोळ्यांना कसा नाही आखडला? मी रिकामी काडतुसं उचलून बघितली. त्या शेवटच्या तिन्हींच्या बुडाच्या, ठिणगीच्या टोप्या चपट्या झाल्यात. दारू जास्त पडली की असं होतं, हे मला कुणी शिकवलं?"

"मी."

"नुसती भोकं जवळ पडली म्हणून खूश व्हायचं नाही, हेही तूच."

"टोप्या मीही बघितल्या गं. मला गोलच दिसल्या."

"आणि दारू मोजायच्या काट्यावरचे आकडे?"

"उन्हाळ्यापासून अंदाजानंच वाचतोय."

"मला सांगायचं नाही होय?"

"चाळीस वर्षं तुझी काडतुसं मीच भरतोय, ओपल. तेवढं एक तरी राहू दे म्हटलं."

"वेडा कुठला! उरलेली अकरा उडवायची नाहीत, रायफल फुटायची एखाद्या वेळी. घरी गेल्यावर खोलून टाकू."

"आणि हरणांचा हंगाम?"

"कमी दारूपासून पुन्हा सुरू करू. आकडे मी वाचीन, तू शेजारी बसून माझ्या चुका काढ."

"त्या मात्र मला न बघताही सापडतील."

नर्सनं वर्लिनला हाक मारली.

"चल, हात दे."

"दार दिसतंय मला."

"माहितीये. तरी दे."