आंब्यावरची म्हैस

क्षितिजा : नाही, आत नको, इथे ओट्यावरच बरं आहे. मला फार वेळ थांबायचंही नाहीये. आणि ते तळं... ते दारापासून किती लांब आहे?

रोवेना : बावखल? ती केळींची रांग दिसते ना, तिच्याही पलीकडे. तुझी लेक अजून रांगतेय. तिथे पोचेपर्यंत तिची दहावी होईल.

क्षितिजा : ती फार जोरात रांगते हो. तुम्हाला कल्पना नाही.

रोवेना : ‘तुम्हाला’? वर्षभर फोनवरच्या त्या शेतीच्या खेळात मेसेज, ‘अगं रोवेना, माझ्या वांग्यांना पाणी घाल गं’, आणि दारात आल्यावर तुम्ही?

क्षितिजा : तेव्हा तुम्ही दिसत नव्हतात. म्हणजे, तू. खेळात तुझा फोटो नव्हता, नुसतं केळफूल होतं. मला वाटलं होतं, कॉलेजातली मुलगी असेल. किंवा...

रोवेना : किंवा?

क्षितिजा : खरं सांगू? किंवा एखादा दाढीवाला माणूस. कौस्तुभने तर बजावून पाठवलंय, सारखा अंगठा पाठवत राहा. अंगठा यायचा थांबला तर तो ऑफिसातून उठून थेट सांडोरला येणार.

रोवेना : मग पाठव बाई अंगठा. आणि कळव त्याला, दाढी नाही. थोडी मिशी आहे, ती सणाच्या आधी पार्लरवाली काढते.

क्षितिजा : सॉरी. मी ना, हल्ली सगळ्यातच वाईट काय होईल तेच आधी बघते.

रोवेना : आई झालीस, एवढंच. ही घे सुकेळी. घरच्या राजेळी केळ्यांची, उन्हात सुकवलेली.

क्षितिजा : तिच्या हातात नको हं, घशात अडकेल.

रोवेना : तुला देतेय. तिला कोणी विचारलंय? खा. आणि आता सांग. चंदनसारहून पोर काखेत घेऊन आलीस ती माझी मिशी बघायला नक्कीच नाही.

क्षितिजा : मला मंडळातून काढून टाक.

रोवेना : काय?

क्षितिजा : ते बटण फक्त तुझ्याकडे आहे, ‘सभासद कमी करा’. मी सगळीकडे शोधलं. स्वतःहून निघताच येत नाही, मंडळाच्या प्रमुखानेच काढावं लागतं.

रोवेना : आणि हे मेसेजवर सांगता नाही आलं?

क्षितिजा : लिहिलं होतं. लिहिलं, पुसलं, परत लिहिलं. मेसेजवर काढलं असतंस तर पुन्हा बोलणंच झालं नसतं. म्हटलं, निदान एकदा बघून तरी यावं, कोणाला सोडून चाललोय.

रोवेना : क्षितिजा, नीट बस. पाठ टेक. आता पहिल्यापासून बोल.

क्षितिजा : मी पूर्ण विचार करून आलेय. कंपनीने जाहीर केलंय ना, ‘गावशीव’मध्ये यापुढे नवं काहीच होणार नाही. नवं पीक नाही, नवा सण नाही. जे बिघडलंय तेही दुरुस्त करणार नाहीत. खेळ चालू राहील, पण आहे तसा.

रोवेना : वाचलंय गं. सिद्धेशने मंडळाच्या ग्रुपवर खेळाच्या फोटोला हार घालून टाकला. प्रिस्काने खाली मेणबत्ती लावली. जयवंतकाकांनी ‘भावपूर्ण’ लिहिलं आणि नंतर विचारलं, कोण गेलं?

क्षितिजा : आहे तसा म्हणजे माझी मुक्ताही आहे तिथेच राहणार.

रोवेना : आंब्यावर.

क्षितिजा : हसू नकोस.

रोवेना : नाही हसत. बरं, हसतेय. अगं, चार पाय चार फांद्यांवर टाकून म्हैस रवंथ करतेय, शेजारी कैऱ्या लोंबतायत! मी रोज सकाळी चहा घेताना तिला बघते. दिवस बरा जातो.

क्षितिजा : माझी काय चूक होती त्यात? ऊन लागू नये म्हणून मी तिला आंब्याच्या रोपाला अगदी चिकटून बांधली. त्या शेवटच्या अपडेटमध्ये त्यांनी सगळी रोपं एकदम मोठी केली. झाड वाढलं ते म्हशीला घेऊन वाढलं. किती तक्रारी केल्या मी. दर वेळी उत्तर, लवकरच उतरवू. आणि परवा शेवटचं आलं. ‘आपल्या जनावराच्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत.’

रोवेना : तिची कसली गैरसोय? हवेशीर आहे की.

क्षितिजा : गैरसोय तुमची आहे. ही शेवटची जत्रा, रविवारी संपेल ती कायमची. मंडळातल्या प्रत्येकाचं जनावर वेशीपाशी उभं राहिलं तरच जत्रेचं दार उघडतं. तुमची सहा जनावरं कधीची उभी आहेत तिथे. माझीच नाही. मला काढलंस की तुम्ही सगळे आत. उगाच सहा जणांनी एका म्हशीपायी ताटकळायचं?

रोवेना : हे तुझं तुला सुचलं, की कोणी सुचवलं?

क्षितिजा : कोणी नाही. म्हणजे सिद्धेशने ग्रुपवर लिहिलं होतं, कोणीतरी मन मोठं करायला पाहिजे. त्याचंही बरोबरच आहे.

रोवेना : बरोबर काय? थांब, त्यालाच लावते.

(रोवेना फोन स्पीकरवर टाकते. पलीकडे सिद्धेश, नालासोपाऱ्यातल्या त्याच्या मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात.)

सिद्धेश : बोला प्रमुखबाई! दुकानात आत्ता गिऱ्हाईक नाही, मनसोक्त शिव्या घाला.

रोवेना : तू ते ‘मन मोठं करायला पाहिजे’ लिहिलंस, ते कोणाला?

सिद्धेश : ते ना... असंच. जनरल.

रोवेना : जनरल म्हणजे?

सिद्धेश : म्हणजे मुक्ताच्या मम्मीने वाचावं, असं जनरल.

रोवेना : वाचलं तिने. माझ्या ओट्यावर बसलीय.

सिद्धेश : बसलीय म्हणजे? खरीखुरी? माणूस?

क्षितिजा : हॅलो सिद्धेश.

सिद्धेश : आयला! ताई, सॉरी यार. तुमचा आवाज किती बारीक आहे. मला वाटायचं तुम्ही मोठ्या बाई असाल, शाळेत शिकवणाऱ्या. तुम्ही मेसेजमध्ये पूर्णविराम देता.

क्षितिजा : सॉरी नको. तू बरोबरच लिहिलंस.

सिद्धेश : नाही ताई, सांगतो ना. मला त्या आकाशपाळण्यात बसायचंय, बस. मागच्या जत्रेला माझा फोन ऐन वेळी मेला. दुसऱ्यांचे दुरुस्त करतो आणि माझाच मेला. तुम्ही सगळ्यांनी व्हिडिओ टाकले, पाळण्यावरून अख्खं गाव दिसतंय, सगळ्यांच्या वाड्या, दिवे. मी एकटाच नव्हतो त्यात. आता हुकलं तर परत जत्राच नाही.

क्षितिजा : ऐकलंस ना, रोवेना? म्हणूनच म्हणतेय. काढ मला.

सिद्धेश : आणि टेन्शन नाही ताई, जत्रा झाली की परत घेऊ ना तुम्हाला. दोन मिनिटांचं काम.

क्षितिजा : नाही घेता येणार. त्यांनी ते पण बंद केलंय. जी मंडळं आहेत ती आहेत, नवा सभासद घेता येत नाही. एकदा निघालेलं माणूस बाहेरच.

सिद्धेश : कायमचं?

क्षितिजा : हो.

सिद्धेश : मग... हे मला माहीत नव्हतं यार.

रोवेना : आणि तुला माहीत होतं, क्षितिजा. तरी आलीस.

क्षितिजा : मी नीट सांगते, मग तू ठरव. आर्या झाल्यावर आम्ही चंदनसारला आलो. बिल्डिंग नवी, मजल्यावर निम्मी घरं रिकामी. कौस्तुभ सकाळी जातो. दिवसभर माझ्याशी बोलणारी एकच बाई, लिफ्टमधली, कृपया दरवाजा बंद करा. आणि तुम्ही सहा जण. आर्याला ताप भरला तेव्हा मी नुसतं लिहिलं, आज वांग्यांकडे येता येणार नाही. लगेच तू विचारलंस, बाळ बरं आहे ना, अंग पुसून काढलंस का. मीराने तिच्या डॉक्टरचा नंबर दिला. या सिद्धेशने बोकडाला टोपी घालून त्याचा फोटो पाठवला, बाळाला दाखवा म्हणून. आर्या तापातसुद्धा हसली. त्या माणसांची जत्रा माझ्यामुळे राहिली, तर मला कसं वाटेल?

सिद्धेश : ताई, बस झालं. आता गिऱ्हाईक आलं तर मला तोंड लपवावं लागेल.

रोवेना : मी एक सांगू? माझे सासरे, आलोशियस पप्पा, शेवटी शेवटी अंथरुणावरच होते. चर्चच्या सणाला त्यांना नेणं शक्य नव्हतं. मी म्हटलं, आपण पटकन मिस्साची प्रार्थना करून येऊ, मम्मी थांबतील त्यांच्यापाशी. गेलो. परत येतो तर काय, आमच्या मागून बँड! चर्चसमोरची मिरवणूक संपली तशी आळीतल्या पोरांनी बँड इकडे वळवला, या ओट्यासमोर. ट्रम्पेटवाला तर पार खिडकीत. पप्पांना बोलता येत नव्हतं, पण खाटेच्या कडेवर बोटं अशी, अशी चालू होती. आमच्या आळीत ही रीतच आहे. ज्याला सणाला जाता येत नाही, त्याच्याकडे सण जातो.

सिद्धेश : म्हणजे?

रोवेना : म्हणजे वेशीवरून जनावरं हलवा. सगळी आणा आंब्याखाली.

क्षितिजा : अगं पण मग दार नाही उघडणार. शेवटची जत्रा आहे!

रोवेना : त्यांची शेवटची. आपली पहिली. सिद्धेश, कोठारात काय काय साठवलंयस?

सिद्धेश : माझ्या? ढोल आहेत, शिमग्याचे. पिपाण्या. दिवे तर इतके आहेत की लावायला जागा नाही. आणि जिलबी. लय जिलबी. मी कधी कोणाला दिलीच नाही, म्हटलं पुढे काहीतरी मोठा सण येईल.

रोवेना : आला.

क्षितिजा : आणि पाळणा? सिद्धेश, खरं सांग. तुझा पाळणा जाईल.

सिद्धेश : जाईल... बघू ना. थांबा, थांबा ताई. तो आंबा किती उंच आहे?

क्षितिजा : खूप. शेंडा ढगाला लागतो. का?

सिद्धेश : वरून काय दिसतं?

क्षितिजा : मला काय माहीत? मी खाली उभी राहून तक्रारीच लिहीत होते.

सिद्धेश : आपल्या जनावराला हात लावला की ‘बसा’ असं येतं ना? खाली उभं राहूनच दाबून बघा. म्हैस तुमचीच आहे, झाडावर असली म्हणून काय झालं.

क्षितिजा : असं कसं होईल... थांब, फोन काढते. आर्या, नाही, तोंडात नाही घालायचा. अगं सोड.

रोवेना : दे तिला इकडे. दोन्ही हात लागतील तुला.

क्षितिजा : ती नवीन माणसाकडे रडते.

रोवेना : रडू दे. ये गं राणी. बघ, तुझी आई म्हशीवर बसतेय.

क्षितिजा : मानेखाली हात धर हं. नाही, आता धरते ती मान... बरं. हात लावला. ‘बसा’ आलं. दाबते. अगं बाई!

सिद्धेश : काय झालं? पडली का?

क्षितिजा : बसले! मी वर आहे! अरे, सगळं दिसतंय. ती तुझी केळी, रोवेना. जयवंतकाकांची ती वाकडी विहीर. मर्विनने अजून भात कापलाच नाहीये! आणि पलीकडे समुद्र आहे. आपल्याला समुद्र होता?

सिद्धेश : समुद्र? पाळण्याच्या व्हिडिओत समुद्र नव्हता!

क्षितिजा : इथून आहे. आणि मुक्ता रवंथ करायला लागली की सगळं जरा जरा हलतं.

सिद्धेश : झुलतंय! ताई, मागे एक पाहुणा बसवता येतो. माझा नंबर पहिला, आधीच सांगून ठेवतो. प्रिस्काने घुसायचं नाही मधे.

रोवेना : मी ग्रुपवर टाकलं पण. एका हाताने. ‘जत्रा आंब्याखाली. या.’ मीरा निघाली. काका विचारतायत, कोण गेलं.

क्षितिजा : अगं, आर्या रडत नाहीये.

रोवेना : नाही. माझी कानातली ओढतेय.

सिद्धेश : आलो मी, बोकड घेऊन. ढोल टाकू का इथे? ताई, आत कुठून यायचं? फाटक बंद दाखवतंय.

रोवेना : ते कायम बंदच असतं. मी कुंपणावरून पाणी फेकते तिच्या वांग्यांना. निम्मं रस्त्यावर पडतं.

क्षितिजा : ते माझं कुलूप आहे. पहिल्याच दिवशी लावलं. ‘फक्त मी’. आर्या महिन्याचीही नव्हती, मला सारखं वाटायचं, कोणीतरी येईल, काहीतरी उचलून नेईल.

सिद्धेश : काय नेणार ताई, वांगी?

क्षितिजा : कळतं रे. पण लावलं ते लावलं.

रोवेना : तुला नको असेल तर आम्ही बाहेरूनच वाजवतो हं. कुंपणाला लागून. मुक्ताला ऐकू जाईल.

सिद्धेश : हो ताई, चालेल. सगळे आलेत तसे. मर्विनने गाडीभर झेंडू आणलाय. माझ्या बोकडाने मात्र तुमचं कुंपण खायला घेतलं, त्याची जबाबदारी माझी नाही.

क्षितिजा : थांबा. इथे विचारतंय, नक्की का.

रोवेना : मग?

क्षितिजा : उघडलं. या सगळे. फक्त ढोल जरा हळू वाजवा, आर्या रोवेनाच्या खांद्यावर झोपलीय.