कोयत्याचा पापुद्रा

...व्हय, तीच, समोरच्या सारजाची स्वप्नाली. बसा की आत्याबाई, तुमच्या ऋषिराजसाठी पोरगी बघायच्या आधी शेजारी चौकशी करायचीच असती. सारजानं मला बजावलंय — शिक्षणाचं काढू नको, भाकरी चांगली थापती एवढंच सांग. तर थापती. झालं. पण काय ते शिक्षण, अगं बाई! पुण्याला राहून लोखंड बघती! माझ्या ऊस तोडायच्या कोयत्याचा तुकडा नेला — नागेश लोहारानं लाल करून पाण्यात बुडवलेलं चांगलं पातं — आन घासून घासून कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ केला. कशाला? तर यंत्रात घालून आतलं आरपार बघायला. लाल पोलाद गपकन थंड झालं की आतल्या कणांची मांडणी एका झटक्यात सरकती, तवा ते कडक होतं, त्याला मार्टेन्साइट म्हणत्यात — लोहाराच्या बापाला तरी ठाऊक होतं का हे नाव? अडलं का त्याचं?

बरं, दिसलं का? दिसलं. मग गप बसावं! तर न्हाय — मावशी, म्हणती, पापुद्र्यात दिसलं ते जाड पात्याचं धरायचं न्हाय. पात्यात सरकायचं तर शेजारचे कण चहूबाजूंनी दाबून धरत्यात. पापुद्र्याला दोन्ही अंगं मोकळी, अडवायला कुणी न्हाय — तिथं ते वेगळंच घडतं. कधी नुसतं पातळ करतानाच सरकतं, आन बघणाऱ्याला वाटतं, पात्यात पहिल्यापासनं असंच होतं. ‘शेजारचे’ म्हणताना माझ्याकडं बघून हसली, सटवी! पहिला पापुद्रा फाटला तवा ह्याच ओट्यावर रडत बसली हुती. मग दुसरा तुकडा मीच दिला तोडून — म्हणजे, कोयता तसाबी बोथटच झालेला...

काय दाखवताय मोबाइलमधी? चष्मा घेऊ द्या. व्हय, स्वप्नालीच. चहाच्या गाड्यावर, पोरांबरोबर हसती. मग? ...एवढ्यावरनं? आत्याबाई, ह्यो पापुद्राच की वो! हितं आमी जन्मापासनं चहूबाजूंनी दाबून बसलोय तिला, काय खाती, कवा येती, कुणाशी बोलती — आमाला इचारा की! आन लगीन झाल्यावर शिक्षण सगळं सोडायचं? असं ऋषिराज म्हणतो, का तुमी? लोणी देवकरच्या कारखान्यात मशीन चालवतो ना तुमचा भाचा, त्यातलं पोलाद कडक कशानं झालं, कधी इचारलंय त्यानं?

ठेवा ती कपबशी. न्हाय, समोरच्या दारात जायचं न्हाय. ही वाट सरळ एसटीला जाती. सारजाला मी सांगते — पावणं आलंच न्हाईत.