ताईचा लाल स्वेटर

डोळ्यांच्या दवाखान्यात माझा नंबर सतरावा, त्यामुळे कान रिकामेच होते. शेजारी दोघी बहिणी. थोरलीला मुळीच दिसत नव्हतं. धाकटीचा डावा डोळा महिन्यापूर्वी अचानक अंधारला होता.

“ताई, तुझं चौदा वर्षांपूर्वीचं रक्त डॉक्टरीणबाईंनी अजून गोठवून ठेवलंय.”

“अगं बाई! आपल्या फ्रीजमध्ये कालची आमटी सापडत नाही.”

“शरीराचीच रोगांशी लढणारी फौज डोळ्याच्या नसेवर उलटते, हे तुझ्या वेळी कुणाला कळलंच नव्हतं. बाई वर्षानुवर्षं तुझ्यासारख्यांच्या रक्तात कारण शोधत बसल्या. त्यातून जी तपासणी निघाली, तिनंच माझा आजार दोन दिवसांत ओळखला आणि लगेच औषध सुरू झालं.”

“आणि मी त्यांना म्हटलं होतं, कशाला टोचताय, माझे डोळे थोडेच परत येणार आहेत!”

“नाही आले गं.”

“बरं, उजवा डोळा झाक. नस सुधारतेय का ते लाल रंगावरून कळतं, असं बाई म्हणाल्यात ना. माझा स्वेटर कसा दिसतोय?”

“परवापर्यंत अगदी विटका दिसायचा.”

“आणि आज?”

“लाल. ताई, लालभडक!”

“नक्की ना? मग हा आता धुवायला टाक. महिनाभर तुझ्यासाठी रोज हाच घालतेय.”