मागाचा एक ठोका

(ऑक्टोबर १७८०. दक्षिण कॅरोलिना, डोंगराकडचा मुलूख. विणकराची लेक इझबेल किल्गोर शेजाऱ्याच्या, म्हणजे गॅव्हिन डनलॅपच्या, कुंपणाशी उभी आहे. गॅव्हिन इंग्लंडच्या राजाविरुद्ध उठलेल्या बंडखोरांच्या तुकडीत आहे.)

इझबेल : सात वाजता आले. सव्वासातला बाबांना घेऊन गेलेसुद्धा.

गॅव्हिन : कोण आले, ते सांग आधी.

इझबेल : तुमचेच. नऊ घोडेस्वार.

गॅव्हिन : आमचे? अगं, तुझा सख्खा भाऊ आमच्या बाजूनं लढतोय.

इझबेल : जेमी नव्वद कोसांवर आहे. त्याला विचारायला कोण जाणार? आणि आले तेव्हा ते तुमचे दिसत नव्हते. प्रत्येकाच्या टोपीत पाइनची हिरवी डहाळी.

गॅव्हिन : डहाळी राजाची माणसं लावतात.

इझबेल : मला शिकवू नकोस. डहाळी राजाची, पांढरा कागद तुमचा. वर्दी दोघांनाही नाही. या खोऱ्यात शेंबडं पोरही आधी टोपी बघतं, मग तोंड उघडतं.

गॅव्हिन : आणि तुझ्या बाबांना टोपी दिसत नाही.

इझबेल : दोन वर्षं झाली मोतीबिंदूला. म्हणून आम्ही ठरवून ठेवलं होतं. मी मागावर बसायचं, खिडकीतून बघायचं. डहाळी असली तर फणीचा एक ठोका, कागद असला तर दोन. बाबा दारात उभे राहून ऐकणार आणि तसं बोलणार. उन्हाळ्यात चार वेळा निभावलं.

गॅव्हिन : आज?

इझबेल : एक ठोका दिला. बाबांनी डोक्यावरची टोपी काढली आणि म्हणाले, "देव राजाला उदंड आयुष्य देवो." पुढचा स्वार हसला. डहाळी उपटून फेकली, अस्तरातून कागद काढला आणि खोचला. मग बाकीच्यांनीही.

गॅव्हिन : हं.

इझबेल : 'हं' काय? जाताना सांगून गेलेत, कप्तान बारा वाजता निवाडा करणार. स्वतःची जमीन असलेल्या दोन शेजाऱ्यांनी बायबलवर हात ठेवून सांगायचं, हा माणूस राजाचा नाही. मग सोडतील. म्हातारे मॅकवर्टर खेचरावर बसून पुढे निघालेत. दुसरा तू.

गॅव्हिन : माझा हात चालेल असं वाटतं तुला? सप्टेंबरात पोलॉकसाठी मीच ठेवला होता. आठ दिवसांत तो राजावाल्यांना जाऊन मिळाला, आणि त्यांना घेऊन आला तो थेट माझ्या भावाच्या, ह्यूच्या दारात.

इझबेल : तुझ्या भावाच्या कफनाचं कापड बाबांनीच विणलं, गॅव्हिन. चाचपत.

गॅव्हिन : विसरलो नाही. पण आता नवा नियम आहे. ज्याच्यासाठी हात ठेवला तो उलटला, तर हात ठेवणारा त्याच्या जागी फासावर. माझ्या घरात ह्यूची बायको आहे, तिची तीन पोरं, माझी दोन.

इझबेल : बाबा या वयात कुठं उलटणार? उलटून जाणार कुठं, वाट दिसत नाही त्यांना!

गॅव्हिन : एक विचारतो, खरं सांग. त्यांचं मन कुठल्या बाजूला?

इझबेल : मागाच्या.

गॅव्हिन : असलं उत्तर कप्तानाला देऊ नकोस.

इझबेल : बरं, ऐक मग. जहाजातून उतरल्यावर जमीन मिळाली ती राजाच्या नावानं शपथ घेऊन. ते म्हणतात, शपथ मी मोडायचा नाही, पण त्याच्यासाठी बंदूकही उचलायचा नाही. जेमी निघाला तेव्हा त्याला घोंगडी विणून दिली. ऑगस्टात राजावाल्यांनी डगल्यांचं कापड मागितलं, तेही विणलं.

गॅव्हिन : त्यांच्या डगल्यांचं?

इझबेल : कपाळाला पिस्तूल टेकवल्यावर तूही विणलं असतंस. वाकडंतिकडं झालं असतं, एवढंच.

गॅव्हिन : हे कापडाचं दुसऱ्या कुणाजवळ बोलू नकोस. दोघंही मराल.

इझबेल : तू खरं विचारलंस, म्हणून बोलले. आता तू सांग. मघापासून माझ्याकडे बघत का नाहीस?

गॅव्हिन : डहाळ्या माझ्या झाडाच्या आहेत.

इझबेल : काय?

गॅव्हिन : काल संध्याकाळी मीच तोडून दिल्या. पोलॉकच्या सासरी जायचं ठरलं होतं. तुमच्या घराचं कुणी नावही काढलं नव्हतं. देवाशपथ.

इझबेल : पोलॉकच्या सासरी जायला आमच्या दारावरून जावं लागतं. दुसरी वाट आहे का? सांग, आहे?

गॅव्हिन : नाही.

इझबेल : कुंपणावरून एक हाक मारायची होतीस. "इझबेल, उद्या मागावर बसू नकोस." एवढंच.

गॅव्हिन : ती फितुरी झाली असती.

इझबेल : झाली असती. आता घोड्यावर खोगीर घालतोस का?

गॅव्हिन : घालतो. तू आत जाऊन बस, ह्यूची बायको आहे चुलीपाशी. ...थांब. हा निनियन आला, आमच्याच तुकडीतला. ए निनियन! तळावरून येतोयस ना?

निनियन : तळ राहिलाय कुठं, गॅव्हिनदादा! ओढ्यापलीकडे राजावाल्यांचे घोडेस्वार दिसले म्हणे. कप्तानानं साडेआठलाच सगळं हलवलं. उत्तरेला.

गॅव्हिन : आणि बाराचा निवाडा?

निनियन : चालता चालता करू म्हणाला. येताना बघितलं, ते मॅकवर्टर आजोबा खेचराला धरून विझलेल्या चुलीपाशी उभे आहेत. मला म्हणतात, बायबल आहे का तुझ्याकडे? मी म्हटलं, आजोबा, माझ्याकडे भाकरीसुद्धा नाही.

इझबेल : कैदी किती होते?

निनियन : ही विणकराची ना? सात, ताई. एका दोराला बांधून निघाले.

इझबेल : त्यात माझे बाबा होते?

निनियन : होते. दोरात सगळ्यात शेवटी. अडखळत होते, म्हणून मी पुढच्याला सांगितलं, जरा हळू चाल.

गॅव्हिन : मग आता कुठं आहेत ते?

निनियन : मला उतारावर पुढे पाठवलं होतं, पहाऱ्याला. नदी ओलांडताना कैदी मोजायचे, एवढंच काम. नऊ वाजले असतील. धुकं होतं, चेहरे दिसत नव्हते.

इझबेल : मोजलेस?

निनियन : मोजले, ताई. दोनदा मोजले. पाच होते.