दिसतंय ना? मग झालं तर!

...नाही नाही, तुम्हीच सांगा, जो पास मला दिसतोय, तुम्हाला दिसतोय, त्या गेटवरच्या पहारेकऱ्याला चष्म्याशिवाय दिसतोय, तो पास नाहीच असं कुणी तोंडावर म्हणालं तर माणसानं करायचं काय? हिचं काल ऑपरेशन झालं, आज पहिल्यांदाच भेटायला सोडणार, तेही संध्याकाळी पाच ते सहा, आणि पास म्हणे मोबाईलवर येतो! आला. लेकीला फोन केला, ती ऑफिसातून घाईघाईत, "बाबा, लिंक दाबा. उघडला? दिसतोय ना? मग झालं तर!" मलाही वाटलं, झालं! माझं नाव, आजची तारीख, खाली हॉस्पिटलचा हा एवढा हिरवा शिक्का... फोन नाचवत गेटवर गेलो, तर पहारेकरी म्हणतो, "काका, मोबाईल नाही चालत. प्रिंट आणा."

बरं, आणतो! समोरच झेरॉक्सचं दुकान. दुकानदारानं लिंक त्याच्या कॉम्प्युटरवर उघडली, "दिसतोय ना? मग झालं तर!" आणि दाबलं बटण. गरमागरम कागद घेऊन मी जीव मुठीत धरून रस्ता ओलांडला. पहारेकऱ्यानं कागद उलटा केला, सुलटा केला... "शिक्का कुठाय?" अहो, होता हो! स्क्रीनवर होता! कागदावर औषधालाही नाही! परत दुकान. तर दुकानदार कसा, अगदी शांतपणे, "ब्राउझर अक्षरांमागचं रंगीत काही छापत नाही, काका. शाई वाचवतो." शाई वाचवतो! माझी बायको वर एकटी पडलीय आणि हा शाई वाचवतोय!

"असं करा, फाइल सेव्ह करून पाठवा." केली सेव्ह. फोन म्हणाला, सेव्ह झाली. अरे पण कुठे? ते नाही सांगणार! पुन्हा लेक, "बाबा, डाउनलोडमध्ये बघा, मी मीटिंगमध्ये आहे." बघितलं, तर तिथे पासांची जत्रा! जितक्यांदा उघडला तितक्यांदा उतरलेला, सगळ्यांचं नाव एकच, आणि त्यात कालचाही, ऑपरेशनच्या वेळी बाहेर बसायचा. मी आपला शिक्का बघून एक पाठवला, छापला, पळालो. पहारेकरी म्हणतो, "शिक्का आहे. पण हा कालचा."

तुम्हाला सांगतो, रडू फुटायचं तेवढं बाकी होतं. परत दुकानात जाऊन त्या जत्रेत आजचा शोधेपर्यंत दुकानदाराला स्क्रीनवरच्या प्रिंटच्या खिडकीत, अगदी तळाशी, 'मागचे रंग छापा' असा एक चौकोन सापडला. त्यात टिचकी मारली आणि आला की शिक्का, हिरवागार! म्हटलं, "हे आधी का नाही केलंत?" तर म्हणे, "तुमच्याआधी कुणी शिक्का मागितला नव्हता."

गेट गाठलं. पहारेकऱ्यानं पास बघितला, मान डोलावली, "एकदम बरोबर, काका. पण सहा वाजले."

तेवढ्यात फोन वाजला. हीच! नर्सनं व्हिडिओ लावून दिलेला. चेहरा एवढासा झालेला, आवाज खोल गेलेला... "अहो, कधीची दाराकडे बघतेय मी." हातात पास घेऊन उभा राहिलो झालं! आणि तो पहारेकरी, मोबाईल चालत नाही म्हणणारा, माझ्या खांद्यावरून फोनमध्ये डोकावून काय म्हणाला असेल?

"दिसतायत ना काकू? मग झालं तर!"

आता घरी बसलोय. उद्याचा पास आलाय... दिसतोय.