तीस फूट

ताई : सगळे स्टेजकडे निघाले आणि तू मेकअपरूममध्ये काय करतोयस? चल, ऊठ. दहा मिनिटं राहिलीत.

बारक्या : मी येत नाही.

ताई : डोकं फिरलंय का? बाहेर वीस हजार माणसं आहेत! तीन वर्षांपूर्वी कॉलेजच्या कँटीनमध्ये अकरा होती, त्यातले दोघं वेटर.

बारक्या : तेव्हा तू माझ्यापासून दोन हातांवर गात होतीस. आज माझे ड्रम तुझ्यापासून तीस फूट मागे. शिवाय मध्ये धूर सोडणारेत.

ताई : मग? कानात इअरफोन आहेत की.

बारक्या : त्यातून काही ऐकू येत नाही.

ताई : थांब, साउंडवाल्याला बोलावते.

बारक्या : नको! मशीन ठीक आहे. माझेच कान गेलेत, ताई. आत्तासुद्धा तुझे ओठ बघून बोलतोय.

ताई : घाबरून काहीही बरळू नकोस. शास्त्रीय आलापातून धाडकन रॉकमध्ये जायचं, ते कुणाचं डोकं? त्यावर तर अख्खा बँड वर आला.

बारक्या : कसलं डोकं! चूक होती ती. तुझा आवाज येईना, वाटलं थांबलीस, म्हणून ठोकून दिलं. लोक वेडे झाले, तू मला मिठी मारलीस. मग कोणत्या तोंडाने सांगणार?

ताई : आणि नंतरचे दीडशे कार्यक्रम?

बारक्या : ताल बदलायच्या आधी तुझी डावी टाच वर होते. ती बघून वाजवतो.

ताई : अरे देवा.

बारक्या : आज ती दिसणार नाही. सगळ्यांदेखत तुझं गाणं मोडेल माझ्यामुळे. खूप भीती वाटतेय गं. मॅनेजरने राखीव म्हणून तो दुसरा ड्रमर आणून ठेवलाय ना, त्याला बसव.

ताई : गप. मी काय कमी घाबरलेय? त्यात तू आणखी पळून जा. उद्या सकाळी कानाच्या डॉक्टरकडे जायचं. आईला मी सांगते. आणि आज माझा माइक फिरवायला लावते. ड्रमसमोर, दोन हातांवर. तुझ्याकडे तोंड करून गाईन.

बारक्या : लोकांकडे पाठ करून? शिव्या घालतील तुला!

ताई : घालू देत.

बारक्या : एवढी तिकिटं काढून आलेत, त्यांना तू दिसायला नको?

ताई : त्यांना ऐकू येतं, बारक्या.