सरांची अकरा पानं

नवरा: बायोडाटा म्हणजे माणसाच्या आयुष्याचा आरसा असतो.

बायको: मग आरशात उंची, रक्तगट आणि 'आवड : भटकंती' कशाला? पुन्हा लग्न जमवायचंय का?

नवरा: जुना नमुना होता.

बायको: किती जुना?

नवरा: आपल्याच लग्नाचा. वरच्या दोन ओळी बदलल्या.

बायको: खोटं होतं ते तरी काढायचंस! म्हणे भटकंती. चौदा वर्षं घर ते कॉलेज, कॉलेज ते घर.

नवरा: ती पण भटकंतीच की.

बायको: हे बघ, भरती असली की आमच्या कारखान्यात दिवसाला दोनशे बायोडाटा माझ्या टेबलावर पडतात. एकाला आठ सेकंद. तेवढ्यात कळलं पाहिजे, या माणसाने केलंय काय. आण इकडे. …झाले आठ. मला काय कळलं सांगू? तुझा रक्तगट.

नवरा: प्राध्यापकाच्या जागेला असं नसतं गं. तिथं लोक नीट वाचतात.

बायको: कोण वाचतं?

नवरा: आमच्याकडे मीच वाचून सरांना सांगतो.

बायको: बरं. आताची नोकरी सगळ्यात वर घे. 'जबाबदारी सांभाळली' वगैरे नको. काय केलं, किती केलं, तेवढंच. चौदा वर्षं रसायनशास्त्र शिकवलं, लिही.

नवरा: चौदा वर्षं नाहीत. चौदा वेळा अकरा महिने. करारच तसा आहे. दर वर्षी एक महिना मी तिथं नसतो.

बायको: अरे, त्या महिन्यात तिथंच बसून पेपर तपासतोस की!

नवरा: हो, पण नसताना.

बायको: देवा. प्रयोगशाळा उभी केलीस, ते घाल.

नवरा: ते सरांच्या नावावर आहे.

बायको: शोधनिबंध?

नवरा: सात. सरांचे. शेवटी आभारात मी असतो. काचसामान पुरवणाऱ्यांच्या नंतर.

बायको: आणि ती पीएचडीची मुलं? दर रविवारी इथं याच टेबलावर बसायची. चहा करून करून माझा हात दुखायचा.

नवरा: मार्गदर्शक म्हणून सही सरांची असते.

बायको: या तुमच्या विभागप्रमुखांचा बायोडाटा आहे का रे तुझ्याकडे?

नवरा: असणारच. मीच करतो ना.

बायको: उघड. …अकरा पानं! अरे, पण काय लिहिलंय! आकडे आहेत, क्रम आहे, एक शब्द फालतू नाही. या माणसाला मी उभ्या उभ्या नोकरी दिली असती.

नवरा: तो मीच आहे.

बायको: मग उचल यातलं! आपलंच आहे.

नवरा: आणि दोन्ही कागद कुणी शेजारी ठेवून वाचले तर? तीच वाक्यं. चोर कोण ठरेल?

बायको: ज्याचा करार अकरा महिन्यांचा.

नवरा: म्हणून हे सगळं वगळून उरलं तेवढंच लिहिलं होतं. नाव, पत्ता, पदवी.

बायको: आणि रक्तगट. …ऐक, मी चेष्टा करतेय, पण रात्री झोप लागत नाही मला. कायमची जागा आहे ही, तीही दुसऱ्या कॉलेजात. वयाची अट पंचेचाळीस, आणि तू पुढच्या महिन्यात ती ओलांडतोयस. यानंतर कुणी दारात उभं करणार नाही.

नवरा: माहितीये.

बायको: मग लिही. 'विभागप्रमुखांच्या देखरेखीखाली बत्तीस टेबलांची प्रयोगशाळा उभारली.' यात चोरी नाही, खोटंही नाही. पुढे. 'सात निबंधांसाठीचे सगळे प्रयोग केले.' केलेस ना?

नवरा: केले.

बायको: 'नऊ विद्यार्थ्यांना पीएचडीच्या कामात मदत केली.' आता वाच मोठ्याने.

नवरा: '…बत्तीस टेबलांची… सात… नऊ…' अगं, माणूस बरा वाटतोय हा.

बायको: म्हणून तर केलं होतं लग्न. उगाच का.

(फोन वाजतो. तो खुर्चीतून उठून, उभा राहून बोलतो. फोन ठेवल्यावरही उभाच.)

बायको: बस आता, सर गेले. काय म्हणाले?

नवरा: त्या कॉलेजच्या निवड समितीवर सरांना घेतलंय.

बायको: आपल्या जागेच्या?

नवरा: आपल्याच. त्यांचा बायोडाटा पाठवायचाय, आजच्या आज. आणि उमेदवारांना विचारायला दहा प्रश्न काढून ठेव म्हणाले.

बायको: अरे, मग सोनंच झालं की! प्रश्न तुझे, उत्तरं तुझी! तू अर्ज करतोयस, ते सांगितलंस ना?

नवरा: सांगणारच होतो. तेवढ्यात म्हणाले, तुझा नवा करार टेबलावर पडलाय, मुलाखती उरकल्या की सही करतो.

बायको: असं म्हणाले?

नवरा: प्रेमाने म्हणाले.

बायको: म्हणू देत. जाहिरातीत सोळा तारखेला थेट मुलाखत दिलीय, सरळ त्यांच्यासमोर जाऊन बसायचं. करून करून काय करतील?

नवरा: सोळाला ते तिकडे असणार ना. मग इकडचे त्यांचे तास मी घ्यायचेत.

बायको: मुलाखत किती वाजता आहे?

नवरा: साडेदहाला.

बायको: आणि तास?

नवरा: साडेदहा ते साडेचार. मध्ये एक प्रात्यक्षिक आहे.